गल्ली खोदलेली आहे: हेल्पलाइन की माहितीचा अधिकार?

इंदूरात गल्लीचं काम अडलं की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं मुख्यमंत्री हेल्पलाइनला, म्हणजे १८१ ला फोन लावा, दुसरं म्हणतं माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. मी दोन्ही करून पाहिलं आहे. उत्पन्नाचा किंवा मूळ निवासीचा दाखला हवा असेल तर हा प्रश्नच नाही. त्याची मुदत २०१० च्या लोकसेवा हमी कायद्याने बांधलेली आहे, सरळ लोकसेवा केंद्रात जा.

१८१ चा मोठा गुण म्हणजे कोणतं खातं, कोणता साहेब, हे आपल्याला शोधावं लागत नाही. मुदतीत निपटारा झाला नाही तर तक्रार आपोआप वर चढते, अशा चार पायऱ्या आहेत. दिवा बंद पडला, कचरागाडी आली नाही, अशा कामांना मी आजही फोनच करीन.

आमच्या रामबागेतल्या गल्लीत ड्रेनेजची लाइन पडली आणि मंडळी चर मातीने बुजवून निघून गेली. समोरच्या आजी तिथेच पाय मुरगळून बसल्या. मी १८१ वर तक्रार नोंदवली. सहाव्या दिवशी संबंधित खात्यातून फोन आला, "भाईसाहब, काम हो जाएगा, शिकायत बंद करवा दीजिए." मी नाही म्हटलं. दोन दिवसांनी मोबाइलवर संदेश आला की तक्रार निकाली निघाली. शेरा होता, "कार्य प्रगति पर है." कोणतं कार्य, कोण करतंय, कधी संपणार? घरापुढे माती तशीच होती. तो शेरा मला फार लागला. नागरिकाला उत्तर म्हणून चार शब्द मिळाले होते आणि त्यांना उलट प्रश्न विचारायला वाटच नव्हती. पुन्हा तक्रार करावी तर पुन्हा तोच गोड फोन.

म्हणून १० रुपये भरून अर्ज केला. पहिल्या मसुद्यात "रस्ता का झाला नाही?" असं लिहिलं होतं, ते खोडलं. हा कायदा कार्यालयात असलेले कागद देतो, स्पष्टीकरण नव्हे. मग नेमकं मागितलं: कार्यादेश, माप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाच्या मोजमापांच्या वहीच्या) प्रती आणि दिलेल्या बिलांचा तपशील. अर्ज हिंदीत करायचा, तेव्हा आपल्या मराठी घरांतल्या लोकांनी तो एखाद्या हिंदीभाषक शेजाऱ्याला वाचून दाखवावा. माझा 'चर' हिंदीत कुणालाच कळला नसता.

सत्ताविसाव्या दिवशी, पानाला २ रुपये भरून, नऊ पानं हातात आली. काँक्रीट पूर्ववत करणं त्याच ठेकेदाराच्या कामात लिहिलेलं होतं आणि माप पुस्तिकेत त्याची नोंदच नव्हती. ती पानं घेऊन मी मंगळवारी कलेक्टर कचेरीतल्या जनसुनवाईला, म्हणजे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तिथे, गेलो. तीन आठवड्यांत काँक्रीट पडलं. पावसाळा तोंडावर होता, त्याचाही हात असेल. पण टेबलावर कागद ठेवल्यावर बोलणं बदललं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

अर्जाची वाट लांब आहे, हे मान्य. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्यानंतर भोपाळला राज्य माहिती आयोग. घाईच्या कामाला ती उपयोगाची नाही. मात्र विनाकारण उशीर केल्यास अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड होऊ शकतो, त्यामुळे अर्ज सहसा कुणी बाजूला सारत नाही. आणि खरं तर हे मागावंच लागू नये. कायद्याचं कलम ४ कार्यालयांना आपणहून माहिती जाहीर करायला सांगतं. गल्लीच्या तोंडाशी कामाचा खर्च, ठेकेदार आणि मुदत लिहिलेला साधा फलक असता, तर आजींनाही तो वाचता आला असता.

तुमचं काम ठेक्याचं असेल तर फोन जरूर करा, पण त्याच आठवड्यात तक्रारीचा क्रमांक घालून अर्जही द्या. पोच मागून घ्या. तीस दिवस मोजायचे ते अर्ज कार्यालयात पोचल्याच्या तारखेपासून.