जुन्या फोर बाय फोरचा गिअरबॉक्स: आहे तोच उघडावा की दुसरा आणून बसवावा?

दोन्ही मी करून पाहिलंय. स्वतःच्या गाडीचा गिअरबॉक्स खोलून बेअरिंगं आणि सिंक्रो रिंगा (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्या) बदलल्या आहेत आणि मोडीत निघालेल्या गाडीचा गिअरबॉक्स आणून टाकलाही आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण आधी दोष गिअरबॉक्सचाच आहे ना, ते बघून घ्या. तो उतरवल्यावर क्लचचा दोष निघाला, असं बऱ्याच जणांचं होतं.

इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाहीये. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सहसा सिंक्रो नसतो, म्हणून खात्री करायला तोच बरा. क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरी खर्र झालं तर इनपुट शाफ्ट, म्हणजे क्लचकडून गिअरबॉक्समध्ये येणारा दांडा, अजून फिरतोय. मग स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा), पाइपातली हवा, फुगणारा रबरी होज यांच्याकडे वळा. खरखर एकाच गिअरला असेल तर मात्र त्याच गिअरची सिंक्रो रिंग.

न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबला की शांत, तर इनपुट शाफ्टचं किंवा त्याला जोडून फिरणाऱ्या खालच्या काउंटर शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लच ढकलणारं रिलीज बेअरिंग. चौथा गिअर डायरेक्ट असेल तर आणखी एक खूण मिळते. बाकी गिअरमध्ये गाडी ओरडते आणि चौथ्यात गप्प होते, तर संशय काउंटर शाफ्टवर घ्या, कारण चौथ्यात जोर मेन शाफ्टवरून सरळ मागे जातो आणि काउंटर शाफ्ट नुसता बिनभाराचा फिरतो. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) न्यूट्रलला टाकून उभ्या गाडीत एकेक गिअर लावून बघा. आवाज राहिला तर तो बहुधा गिअरबॉक्सचा किंवा त्याच्या पुढचा, इंजिनाकडचा, गेला तर ट्रान्सफर केसपासून मागे शोधा. भार नसल्यामुळे बारीकसारीक आवाज दबतात, तेवढी सूट द्या.

शेवटी तेल काढा. चुंबकावर करडा बारीक लगदा असेल तर घाबरू नका. पितळी चकाकी दिसली तर सिंक्रो झिजताहेत, लोखंडाचे कपचे निघाले तर दात किंवा बेअरिंग गेलंय. तेल दुधट असेल तर कुठल्यातरी ओढ्याचं पाणी ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) किंवा सीलमधून आत गेलंय, आणि मग बेअरिंगांचा भरवसा धरू नये.

आता निवड. दुसरा गिअरबॉक्स टाकण्याचा फायदा उघड आहे: गाडी लवकर रस्त्यावर येते आणि प्रेस, पुलर अशी हत्यारं आणि शिमच्या चकत्या यांच्या भानगडीत पडावं लागत नाही. पण नाव एकच असलं म्हणून तो बसेलच असं नाही. जीप चेरोकीच्या एएक्स-१५ गिअरबॉक्समध्ये १९९४ च्या मॉडेलपासून स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) बाहेर आला, त्याआधीच्यांत तो आत असतो. लँड रोव्हरने १९९४ मध्ये एलटी७७ गिअरबॉक्सच्या जागी आर३८० आणला. शिवाय आणलेला गिअरबॉक्सही तुमच्याच गाडीच्या वयाचा आणि त्याच दुखण्याचा. लँड रोव्हर डिफेंडरमध्ये मेन शाफ्टच्या मागच्या टोकाची स्प्लाइन (दांड्यावरच्या उभ्या खाचा) आणि ट्रान्सफर केसचा इनपुट गिअर एकमेकांना खातात, कारण आधीच्या गाड्यांत तिथे तेल नीट पोचत नाही. तीच झीज आणलेल्या गिअरबॉक्समध्येही असू शकते.

हेही मी चालवून घेतलं असतं. माझं मत फिरलं ते एका गोष्टीवर: जमिनीवर ठेवलेला गिअरबॉक्स काहीच सांगत नाही. हाताने शाफ्ट फिरवला, सगळे गिअर पडले, प्ले (ढिलेपणा) नाही, तेल स्वच्छ. मग प्रोपेलर शाफ्ट, क्रॉस मेंबर, ट्रान्सफर केस सगळं पुन्हा चढवलं, आणि पहिल्याच लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की तिसरा सुटून न्यूट्रलला यायचा. इंजिनाच्या ब्रेकवर उतरायची गाडी आणि नेमका तोच गिअर टिकेना! माउंटिंग ढिली आहेत का, लिव्हर कुठे अडतोय का, सगळं तपासलं. शेवटी झिजलेल्या डॉग टीथवर, म्हणजे गिअर धरून ठेवणाऱ्या छोट्या दातांवर, येऊन थांबलो. म्हणजे तेवढंच धूड पुन्हा खाली उतरवा. सपाट रस्त्यावर फिरणाऱ्याला हे कदाचित कळलंही नसतं.

उघडण्यात वेळ जातो, मान्य. एखाद्या सिंक्रो रिंगेसाठी गाडी बराच काळ ठोकळ्यांवर उभी राहते. पण शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) किती झिजलाय, गिअर जागेवर अडकवणाऱ्या डिटेंटची स्प्रिंग मेली आहे का, गिअरला आडवा प्ले किती, हे डोळ्यांनी दिसतं, आणि जे दिसतं ते बदलता येतं. उघडून दुरुस्त केल्यावर निदान मला तरी त्या गाडीनं उतारावर पुन्हा दगा दिला नाही.

केसिंगला तडा गेला असेल, बेअरिंगची बैठक मोठी झाली असेल किंवा सुटे भागच मिळत नसतील, तर माझा हट्ट नाही. चेरोकीतल्या प्यूजो बीए-१०/५ गिअरबॉक्सवर तर मीही मेहनत घेणार नाही, सरळ एएक्स-१५ शोधेन.

दुसराच टाकायचं ठरलं, तर तो बसवण्यापूर्वी वरचं झाकण असेल तर ते काढून डॉग टीथची टोकं बघा. ती धारदार हवीत, गोल झाली असतील तर तो घेऊ नका. गिअरबॉक्स खाली आहे तोवर रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) आणि पुढचं-मागचं ऑइल सील नवं घाला. तेल पुस्तकात सांगितलंय तेच. पितळी सिंक्रोच्या बहुतेक जुन्या गिअरबॉक्सना जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, डिफरन्शियलचं जीएल-५ उरलंय म्हणून ते ओतू नका.