हॅशलूकअप: बेवारस डॉट एसओ फाइल कुणाची ते सांगणारी फुकट सेवा

एका क्लायंटचा जुना डेबियन लिनक्सवाला सर्व्हर गळ्यात पडला, आधीच्या माणसाने कुठून कुठून उचलून आठ डॉट एसओ फाइली (प्रोग्राम्सना लागणाऱ्या सामायिक कोडच्या लायब्ररी) लोकल लिब फोल्डरमध्ये टाकून ठेवलेल्या, नावं सगळी ओळखीची पण डीपीकेजीला (डेबियनची पॅकेजेस सांभाळणारा प्रोग्राम) विचारलं तर त्याचे हात वर. आणि नावाचं काय हो, लिबझेड नाव कोणी कशालाही देईल. डेबसम्स हे तपासणीचं टूल फक्त इन्स्टॉल झालेल्या पॅकेजच्या फाइली तपासतं, शिवाय त्याची एमडी५ हॅशची (फाइलच्या मजकुरावरून निघणाऱ्या ठशांची) यादी त्याच मशीनवर, म्हणजे ज्याला रूट, म्हणजे सगळे अधिकार, मिळाले तो फाइलपण बदलणार आणि यादीपण, चोराच्या हाती किल्ल्या.

मग लक्झेंबर्गच्या सर्कल या सायबरसुरक्षा टीमचं हॅशलूकअप वापरलं. अकाउंट नको, एपीआय की नको, फाइलचा शा-वन हॅश काढा, कर्ल कमांडने विचारा, जेसनमध्ये उत्तर हजर. फाइलचं नाव, साइज, आणि खरी मजा पेरेंट्समध्ये, ती फाइल कुठल्या पॅकेजच्या कुठल्या व्हर्जनमध्ये होती ते तिथे दिसतं. पाठीमागे अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची एनएसआरएल ही माहितीतल्या सॉफ्टवेअर फाइलींची यादी आणि लिनक्स डिस्ट्रोंची (डेबियन, उबुंटू अशा लिनक्सच्या प्रकारांची) पॅकेजेस आहेत. आठपैकी पाच सापडल्या, त्यातल्या दोन चक्क उबुंटूच्या (डेबियनवर! धन्य तो माणूस).

बाकी तिघींना 404, म्हणजे 'सापडली नाही'. घाबरू नका, 404 म्हणजे व्हायरस नव्हे, सोर्सवरून कंपाइल केली किंवा नुसती स्ट्रिप केली (आतली डीबगची माहिती काढली) तरी हॅश पार बदलतो. दोघींचा सोर्स रूटच्या होममध्येच पडलेला मिळाला.

आणि सापडली म्हणून निर्धास्तही होऊ नका. 2024 च्या एक्सझेडच्या भानगडीत (या कॉम्प्रेशन टूलमध्ये कुणीतरी चोरवाट घुसवली होती) 5.6.0 आणि 5.6.1 व्हर्जन रीतसर पॅकेजमधूनच काही डिस्ट्रोंच्या टेस्टिंगमध्ये पोचलं होतं. हॅश एवढंच सांगतो की फाइल त्या पॅकेजची आहे, पॅकेज धड आहे का ते तुम्ही बघा. उत्तरात ट्रस्टचा, म्हणजे भरवशाचा, आकडा येतो, पण मी त्याच्यावर फार विसंबत नाही.

क्लायंट हॅश बाहेर पाठवू देत नसेल तर ब्लूम फिल्टर (हॅश यादीत आहे की नाही एवढंच सांगणारी आटोपशीर फाइल) डाउनलोड करून ऑफलाइन चालवता येतं, फक्त त्यात पॅकेजचं नाव कळत नाही, आणि त्याचं 'नाही' पक्कं असलं तरी 'आहे' कधीतरी चुकू शकतं.

माझ्याकडून साडेचार स्टार. उबुंटूवाल्या दोन्ही काढून डेबियनच्या टाकल्या, ॲप चालू आहे. ती आठवी फाइल मात्र अजून बाजूला काढून ठेवलीय, आज रात्री स्ट्रिंग्स (फाइलमधला वाचता येणारा मजकूर दाखवणारी कमांड) लावून बघतो.