कोल्ट की स्मिथ अँड वेसन?

अमेरिकेच्या पश्चिमेत कमरेला रिव्हॉल्व्हर लावून रानात जाणाऱ्यांचा हा जुना वाद. १८७३ चं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी घेतलं, तर दर बाराला घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा हातोडीसारखा भाग, अंगठ्याने मागे ओढायचा, काडतुसं बाजूच्या झडपेतून फिरत्या चक्राच्या सहा घरांत एकेक भरायची आणि चुकून बार उडू नये म्हणून घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवायचं. म्हणजे सहाऐवजी पाचच. पण त्याची मूठ! बार उडाला की ती तळहातात अलगद वर सरकते, धक्का मनगटावर कमी येतो.

स्मिथ अँड वेसनचं .४४ मॅग्नम काडतुसाचं रिव्हॉल्व्हर १९५५ च्या अखेरीस आलं. आयडाहोचे शिकारी आणि बंदुकांवर लिहिणारे एल्मर कीथ अशा जोरकस काडतुसासाठी वर्षानुवर्षं आग्रही होते. यात चक्र बाजूला काढून भरता येतं. एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी हेच घ्यावं. डोंगरातल्या साध्या भटकंतीला मात्र मी कोल्टच निवडेन.