सीनियर सिटिझन स्कीम : डिमेन्शियाच्या रुग्णाच्या केअर होमचा खर्च भागतो का?

डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू जाण्याचा आजार, झालेल्या आईला किंवा वडिलांना केअर होममध्ये ठेवायचं, तर दरमहा ठरलेली रक्कम हातात यायला हवी. त्यासाठी सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीम, म्हणजे ज्येष्ठांसाठीची सरकारी बचत योजना, चांगलीच आहे. पण खातं उघडायला उशीर करू नका आणि सगळी पुंजी एकाच खात्यात अडकवू नका.

हिशोब असा. कमाल ३० लाख, ८.२ टक्के दर, म्हणजे तिमाहीला ६१,५००, महिन्याला २०,५०० रुपये. पैसे भरतानाचा दर पाच वर्षं तसाच राहतो. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत येतं, केअर होमचं बिल मात्र दर महिन्याला. म्हणून तीन महिन्यांची फी आणि केअर होमचं डिपॉझिट बचत खात्यात वेगळं ठेवा. डायपर, औषधं, खास अटेंडंट हे फीमध्ये धरलंय का, तेही आधी लेखी घ्या. मेडिक्लेम नुसत्या सांभाळण्याचा खर्च देत नाही.

स्कीमची खरी अडचण सहीची आहे. जोडखातं फक्त नवरा-बायकोचं होतं, मुलांचं नाव लागत नाही. पाच वर्षांनी तीन वर्षांची मुदतवाढ मिळते, पण अर्ज खातेदाराच्या सहीचा लागतो आणि तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो. मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. देणाऱ्याची सारासार समज गेली की भारतीय करार कायद्यानुसार ते संपतं. पुढे कोर्टातून पालक नेमून घ्यायची वेळ येऊ शकते आणि त्यात वेळ नि पैसा दोन्ही जातात. नॉमिनीचा उपयोग खातेदाराच्या मृत्यूनंतरच.

त्यामुळे रुग्णाला कागद वाचून समजतोय, तेव्हाच खातं उघडा. त्याच सुमाराचं न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र जवळ ठेवा, पुढे सहीवर शंका आली तर कामी येतं. व्याज ज्या बचत खात्यात जमा होणार, ते मुलीबरोबर किंवा मुलाबरोबर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून घ्या, म्हणजे दोघांपैकी कुणा एकाच्या सहीवर व्यवहार होतो. जोडीदार साठीच्या पुढचा आणि ठणठणीत असेल, तर स्कीममध्ये पहिलं नाव त्याचं असलेलं बरं.

एका खात्यातून थोडेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज मुद्दलातून वळतं होतं, दुसऱ्या वर्षात दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कापतात. ३० लाखांवर दीड टक्का म्हणजे ४५,००० रुपये. म्हणून रक्कम दोन-तीन खात्यांत विभागा.

स्कीमच्या जोडीला पोस्टाची मंथली इन्कम स्कीम हवीच. दर कमी, ७.४ टक्के, पण व्याज दरमहा येतं आणि मुलांसोबत जोडखातं होतं. जोडखात्यातल्या १५ लाखांवर महिना ९,२५० मिळतात. फॉर्मवर ‘जॉइंट बी’ लिहा, म्हणजे एकाच्या सहीवर व्यवहार होतो. ‘जॉइंट ए’ झालं तर सगळ्यांच्या सह्या लागतात आणि पुन्हा तीच अडचण उभी राहते.