काचेच्या वाटीचा वॉटर सेपरेटर: पाणी पकडतो, पण एअरला वाटही देतो

जुन्या ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅराव्हॅनला पावसाळ्याच्या तोंडावर काचेच्या वाटीचा वॉटर सेपरेटर, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारं भांडं, बसवला. आता उन्हाळा लागलाय. लिहायचं निमित्त कसारा घाट. चढावर इंजिन ओढ सोडायचं, दोन-तीन झटके द्यायचं आणि बंद. हँड प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) मारला की चालू, पुढे पुन्हा तेच. गॅरेजचं निदान, ‘इंजेक्शन पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा) गेला, उतरवून कॅलिब्रेशन करा.’ पंप ठणठणीत होता. सेपरेटरच्या बँजो बोल्टखालचं (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचं वायसर बसलं नव्हतं, तिथून डिझेलच्या लाइनमध्ये हवा, म्हणजे एअर, शिरत होती. काही रुपयांच्या वायसरपायी हजारोंचं बिल लावायला निघाले होते, याचा राग अजून गेलेला नाही.

सेपरेटरचं काम मात्र चोख आहे. कॅराव्हॅन आठवडेच्या आठवडे उभी राहते. टाकी अर्धी रिकामी असली की रात्रीच्या गारव्यात आतून पत्र्याला दव धरतं. ते पाणी डिझेलहून जड, तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे जंतू वाढतात, काळा बुळबुळीत गाळ होतो आणि फिल्टर चोक होतो. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात पावसाळा काढणाऱ्या गाडीला हे चुकत नाही. इंजेक्शन पंपाचे एलिमेंट (आतले दट्टे) आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल यांना वंगण डिझेलचंच, त्यामुळे पाणी आत गेलं की गंज आणि ओरखडे. नोझल बनवणाऱ्या मायकोच्या (आताच्या बॉशच्या) शहरात, नाशकात, नोझलचं मोल वेगळं सांगायला नको. वाटीत पाण्याची रेघ डोळ्यांना दिसते, हा या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण. उभी करण्याआधी टाकी काठोकाठ भरली तर पाणीच कमी होतं.

आता दोष. टाकीपासून लिफ्ट पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) लाइन सक्शनची, म्हणजे ओढीची. तिथे सांधा सैल असला तर डिझेल गळत नाही, हवा आत ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं, म्हणून कुणाला संशयही येत नाही. पंपानंतरची गळती ओली दिसते, ही दिसत नाही. एक सेपरेटर म्हणजे दोन बँजो, चार वायसर, वाटीची रबर रिंग आणि खालचा ड्रेन (पाणी काढायची तोटी), एवढी हवा शिरायची नवी दारं.

शोधायची रीत सोपी आहे. लिफ्ट पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन चालू करून बुडबुडे बघा. दिसले तर लिफ्ट पंपाला सेपरेटर वगळून थेट डिझेलच्या कॅनमधून पुरवठा द्या. बुडबुडे थांबले तर दोष सेपरेटरमध्ये किंवा त्याच्या मागे टाकीपर्यंत. मग कॅन सेपरेटरच्या आधी जोडा आणि पुन्हा बघा. ही नळी तपासणीपुरतीच. साधी पीव्हीसी डिझेलने कडक होऊन तडकते. कायमची नळी डिझेलला चालणारी नायट्राइल रबराचीच हवी. क्लिपही पूर्ण पट्ट्याची घ्या, कारण खाचांची क्लिप बारीक नळी कापते.

वायसर एकदा दाबलं की कडक होतं. नवं नसेल तर गॅसवर लालबुंद करून पाण्यात टाका, तांबं पुन्हा मऊ पडतं. दोन्ही बाजू पॉलिश पेपरवर सपाट करून घ्या. टेफ्लॉन टेप अजिबात नको. तिचे तुकडे लिफ्ट पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

दिवाळीपर्यंत माझं मत होतं की सेपरेटर बॉनेटखाली, डोळ्यांसमोर असावा. थंडीत ते बदललं. निफाडकडच्या गारठ्यात वाटीची रिंग आखडली आणि सकाळी स्टार्टिंग लांबू लागलं. अशा वेळी ‘डिझेल गोठलं’ म्हणून मोकळे होतात. आधी ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत तापणारे प्लग) तपासा: जुन्या वेटोळ्याच्या प्लगची जोडणी सिरीजमध्ये असते, एक जळला की सगळे थंड. ते ठीक असतील तर एअरच. सेपरेटर टाकीपेक्षा उंच असल्याने रात्रभरात डिझेल मागे उतरायचं. ड्रेन उघडला तर पाणी पडण्याऐवजी हवा आत शिरायची. म्हणून तो आता चॅसिसवर, टाकीच्या तळाच्या खाली आहे, पुढे लोखंडी पत्र्याचं गार्ड. लाइन भरलेली असली की डिझेल स्वतःच्या वजनाने तिथपर्यंत येतं. सेपरेटरचा सांधा सैल झाला तर थेंब दिसतो. बघायला वाकावं लागतं, पण स्टार्टिंग सुधारलं.

पाणी काढायचं ते सकाळी, इंजिन चालू करण्याआधी. रात्रभरात ते खाली बसलेलं असतं. ड्रेन पाव फेरा उघडा, पारदर्शक बाटली धरा आणि स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा.

एअर काढताना फिल्टरमधून डिझेल बाहेर जातं त्या बाजूचा बँजो बोल्ट एक फेरा सैल करा. बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल येईपर्यंत प्रायमर मारा आणि मारता मारताच बोल्ट आवळा. तरी इंजिन घेत नसेल तर नोझलकडचे पाइपचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, पण एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नको. तिथे हात धरू नका. त्या दाबाची धार कातडीत घुसते.

नवा घेणार असाल तर वाटीची रिंग वेगळी मिळते का, हे आधी विचारा. मिळत नसेल तर स्वस्त असला तरी घेऊ नका. रिंग बसवताना डिझेल लावा, हातानेच आवळा, पाना नको. पावसाळ्याआधी आणि थंडीआधी ती बदला, सोबत चारही वायसर. नाशकात द्वारकाला स्पेअरच्या दुकानात जुनं वायसर हातात नेऊन मापाने घ्या. अंदाजाने आणलेलं जरा मोठं वायसर वरून घट्ट वाटतं, पण चढावर हवा घेतंच.