मोठी बॅटरी की छोटी: खान्देशातल्या रस्त्यांवर दोन इलेक्ट्रिक पिकअप

एरंडोल, पारोळा, चोपडा या पट्ट्यातले जे व्यापारी आणि शेतकरी डिझेलचा छोटा हत्ती विकून इलेक्ट्रिक पिकअप घ्यायला निघाले आहेत, त्यांची चर्चा हल्ली एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. साधारण २१ युनिटांच्या बॅटरीची छोटी गाडी पुरेल, की जास्तीचे पैसे मोजून दीडपट बॅटरीची मोठी घ्यावी? हा निर्णय मलाही घ्यावा लागला. माझा व्यवसाय सरकी ढेप आणि पशुखाद्याचा आहे. रोजची फेरी एरंडोलच्या आसपासच्या खेड्यांत दूध उत्पादकांकडे असते आणि आठवड्यातून दोनदा धुळ्याला माल जातो. मोठी गाडी चोपड्याच्या मेहुण्यांची. त्यांनी जून-जुलैत ती सव्वा महिना मला वापरायला दिली. तो अनुभव गाठीशी बांधून मी अखेर छोटी गाडी घेतली आणि तिला आता दीड वर्ष होत आले. दोन्ही गाड्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण कंपन्या सॉफ्टवेअर अधूनमधून बदलतात आणि मला खटकलेली गोष्ट उद्याच्या गाडीत कदाचित नसेल. शिवाय हा एकेका गाडीचा अनुभव आहे. तो तेवढ्याच मापाने घ्यावा.

माहितीपत्रकावरच्या रेंजबद्दल फार लिहीत नाही. टाटांची एस ईव्ही २०२२ साली आली, तेव्हा तिची बॅटरी २१.३ युनिटांची आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता, म्हणजे युनिटमागे सात किलोमीटरांहून थोडे अधिक ॲव्हरेज. अशी चाचणी रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या क्रमाने होते. त्या आकड्याला चुकीचा म्हणता येणार नाही, पण त्यात आपला रस्ता आणि आपला वारा धरलेला नसतो. माझे आकडे मी गोदामातल्या प्लगसाठी बसवलेल्या वेगळ्या सब-मीटरवरून आणि गाडीच्या पडद्यावरून वहीत उतरवलेले आहेत. बॅटरीत १० युनिट जायचे तर सब-मीटरवर ११ पेक्षा थोडे जास्त पडतात, कारण काही वीज चार्जरच्या आणि तारांच्या उष्णतेत जाते. त्यामुळे पैशाचा हिशेब सब-मीटरवर करावा आणि पल्ल्याचा बॅटरीवर.

खेड्यांच्या फेरीत ५० किलोच्या पंधरा गोण्या घेऊन निघावे, वेग तिशी-चाळिशीत ठेवावा आणि गोण्या वाटेत उतरत जाव्यात, अशा कामात छोटी गाडी मला युनिटमागे साडेसात किलोमीटर देते. त्याच फेरीत मोठी गाडी पावणेसात द्यायची, कारण तिच्या जड बॅटरीचे ओझे रिकाम्या गाडीतही वाहावेच लागते. वारा पडलेला असताना धुळ्याच्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाने छोटीचे ॲव्हरेज साडेसहा आणि मोठीचे सहा येत असे. इथपर्यंतचा फरक इतका किरकोळ आहे की त्यावरून कोणी गाडी निवडू नये.

खरा फरक वारा पाडतो. तापीचे खोरे पश्चिमेकडे उघडे आहे आणि जून-जुलैत मोसमी वारा त्या तोंडातून सरळ आत शिरतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. एरंडोलहून धुळ्याला निघालेली गाडी या वाऱ्याच्या तोंडी जाते. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाडी ५० च्या वेगाने चालली असेल आणि समोरून २५ चा वारा असेल, तर हवेच्या दृष्टीने ती ७५ ने चाललेली असते आणि अडसर सव्वादोन पट होतो. मोठ्या गाडीचे सहाचे ॲव्हरेज अशा दिवशी चारवर येत असे. येताना तोच वारा पाठीशी असतो, परंतु जाताना जे गेले ते सगळे येताना भरून निघत नाही.

याहून अनपेक्षित गोष्ट मला मेहुण्यांच्या कॅरेटांनी दाखवली. केळीचे रिकामे प्लास्टिक कॅरेट धुळ्याच्या एका व्यापाऱ्याकडे परत पोहोचवायचे होते. सगळे मिळून वजन दोनशे किलोही भरले नसेल, पण थप्पी केबिनच्या वर दोन हात गेलेली आणि तिच्यावर ताडपत्री फडफडत असलेली. हजार किलो ढेप घेऊन जी गाडी त्याच वाऱ्यात युनिटमागे चार किलोमीटर देत होती, तिने त्या हलक्या फेरीत साडेतीनच दिले. ढेप फाळक्याच्या आत बसते. तिचे ओझे टायरवर पडते, वाऱ्यावर नाही. अमेरिकेत २०२२ साली आलेल्या फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगला १३१ युनिटांच्या बॅटरीवर ५०० किलोमीटरांहून अधिक प्रमाणित पल्ला होता, पण मागे उंच पेटीचा ट्रेलर जोडला की तो निम्म्यावर येतो, अशीच तिथल्या वापरणाऱ्यांची तक्रार राहिली. तेव्हापासून आमच्याकडे थप्पी केबिनच्या उंचीखालीच लावली जाते, मग एक फेरी वाढली तरी चालेल, आणि ताडपत्री चारही बाजूंनी दोरीने आवळूनच गाडी निघते.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला तिच्याकडे येतो. मोठ्या गाडीच्या पडद्यावर उरलेले किलोमीटर ठळक अक्षरांत दिसतात आणि टक्के कोपऱ्यात बारीक असतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही एरंडोलहून ८२ टक्क्यांवर निघालो. समोरून वारा होता, तरी धुळ्यात माल उतरवला तेव्हा ३५ टक्के आणि ६८ किलोमीटर दिसत होते. एरंडोल साठेक किलोमीटर, गाडी जवळपास रिकामी आणि वारा पाठीशी, त्यामुळे काळजीचे कारण नव्हते. पारोळ्याजवळ आकडा २१ टक्के आणि ४७ किलोमीटर होता. घर पंचवीस किलोमीटरांवर आले होते. पारोळा ओलांडून दोन-तीन किलोमीटर झाले नसतील, तोच २१ चे एकदम ७ झाले, पडद्यावर कासवाचे चित्र आले आणि गाडी तीसच्या वर जाईना. महामार्गावर मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवत अंगावरून जात होते. पुढच्या ढाब्याच्या मालकाने कूलरचा प्लग काढून आम्हाला १५ अँपिअरचा सॉकेट दिला आणि दीड-पावणेदोन तास चार्ज करून आम्ही रात्री घरी पोहोचलो.

उशीर झाला याचे मला विशेष दुःख नाही. डिझेलच्या गाड्याही रस्त्यात उभ्या राहतात. त्रासदायक ठरले ते पुढचे. आमचा चालक त्या रात्री गाडी लावून किल्ली देताना एवढेच म्हणाला, "भाऊ, हाऊ आकडा खोटा शे." त्या दिवसापासून पडदा काहीही सांगो, तो ५० टक्क्यांच्या खाली गाडी न्यायला तयार होईना, आणि त्याला आग्रह करणे मलाही योग्य वाटेना. म्हणजे तीस-बत्तीस युनिटांच्या बॅटरीतली सोळाच युनिटे आमच्या कामाला येत होती. छोट्या गाडीत टक्के ठळक दिसतात, शेजारी त्या फेरीचे ॲव्हरेज दिसते आणि किलोमीटरचा अंदाज ती बांधतच नाही. तिचा २० टक्क्यांखालचा प्रवासही वरच्यासारखाच सरळ असतो. शेवटच्या वीस टक्क्यांत मी पंचवीस किलोमीटर आलेलो आहे. चालक तिला १० टक्क्यांपर्यंत बेधडक वापरतो, त्यामुळे तिच्या एकवीसपैकी एकोणीस युनिटे हाताशी राहतात. सोळा आणि एकोणीस हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिल्यावर मला फार विचार करावा लागला नाही.

हे का घडते, ते समजून घेतले तर मोठ्या गाडीवर अन्याय होणार नाही. या मालवाहू गाड्यांत प्रामुख्याने लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्या असतात. त्या टिकाऊ आणि उन्हाला सोशीक आहेत, पण मधल्या टप्प्यात त्यांच्या सेलचा व्होल्टेज जवळजवळ बदलत नाही; ७० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना तो ३.२ ते ३.३ च्या आसपासच असतो. त्यामुळे व्होल्टेज पाहून बॅटरी किती भरलेली आहे हे यंत्रणेला नेमके ओळखता येत नाही. ती आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत राहते आणि त्या हिशेबातली बारीक चूक रोज साठत जाते. बॅटरी पूर्ण १०० टक्के भरली की व्होल्टेज स्पष्टपणे वर चढतो, तेव्हा हिशेब पुन्हा जुळतो. आम्ही मोठी गाडी तीन आठवडे दुपारी जलद चार्जरवर ऐंशीपर्यंत भरून वापरत होतो, कारण ऐंशीनंतर तो चार्जर हळू होतो आणि वेळ जातो. म्हणजे चूक आमच्या सवयीची निश्चितच होती. नंतर तीन रात्री ती पूर्ण चार्ज केली, तेव्हा आकड्याची उडी २१ वरून ७ ऐवजी २० वरून १४ इतकी लहान झाली. पण ती पूर्ण गेली नाही. उलट, माझ्या छोट्या गाडीला जलद चार्जिंगची सोयच नाही. ती रोज रात्री दहापासून पहाटेपर्यंत गोदामात पूर्ण भरते, त्यामुळे तिचा हिशेब रोज जुळतो. तिच्या भरवशाच्या आकड्यात या सक्तीचा मोठा वाटा असावा, हे मला मान्य आहे.

उन्हाबाबत मोठी गाडी उजवी आहे. तिच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवण्याची सोय आहे, त्यामुळे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकला तरी ती दुपारी चार्ज होते, असे मेहुणे सांगतात. छोटीला मी त्या दिवसांत पत्र्याच्या शेडखाली दुपारी चार्जिंगला लावत नाही. एकदा लावली तर निम्म्या वेगानेच भरत होती. दोन्ही गाड्यांना अर्थिंग मात्र चोख लागते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून हात जाईल एवढ्या भेगा पाडते, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि चार्जर दिवा लाल करून थांबतो. एप्रिल ते जून आमच्याकडे संध्याकाळी गुरांचे पाणी झाले की एक बादली त्या खड्ड्यात ओतली जाते.

ज्यांचे काम घाटावरचे आहे त्यांनी माझी आवड बाजूला ठेवावी. चाळीसगावहून कन्नडला चढायचे तर उंचीतला फरक साधारण तीनशे मीटर आहे. मालासह अडीच टन वजन तेवढे वर न्यायला निव्वळ दोन युनिट लागतात आणि मोटरमधली घट धरून अडीच. हा खर्च सपाटीवरच्या खर्चाच्या वर पडतो. उतरताना त्यातला काही भाग परत मिळतो, मात्र वर जाऊन बॅटरी पूर्ण भरून घेतली असेल तर परत येणाऱ्या विजेला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. रोज घाट असेल, किंवा रोजचे किलोमीटर सव्वाशेच्या वर जात असतील, तर मोठी गाडी घेऊन ती रात्री पूर्ण भरण्याची शिस्त पाळणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

माझ्या छोटीची मर्यादाही लपवण्यासारखी नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीचे दोन महिने ती समोरच्या वाऱ्यात पन्नासच्या वेगाने धुळ्याला जाऊन परत येऊ शकत नाही. त्या दिवसांत आम्ही वेग चाळीसवर ठेवतो आणि माल उतरेपर्यंत व्यापाऱ्याच्या गोदामात प्लग लावतो. जेवण आणि हिशेब होईपर्यंत पाच-सहा युनिटे आत जातात. हा खोळंबा आधीपासून माहीत असल्यामुळे त्याची वेळ ठरवता येते, आणि मला तो पारोळ्याच्या त्या संध्याकाळीपेक्षा हलका वाटतो.

आपण निवडणार असाल तर विक्रेत्याकडून गाडी दोन दिवस मागून घ्यावी आणि आपलाच माल भरून, शक्य झाल्यास वाऱ्याच्या दिवसांत, पश्चिमेकडच्या रस्त्याला न्यावी. घराजवळ आल्यावर मुद्दाम २५ टक्क्यांपासून १० पर्यंत गावातल्या गावात चालवून दर पाच टक्क्यांना किती किलोमीटर झाले ते लिहावे. ती तीन अंतरे जवळपास सारखी आली, तर त्या गाडीची बॅटरी लहान असली तरी चालेल, असे माझे मत आहे.

मेहुणे आजही मोठीच वापरतात आणि समाधानी आहेत. ते ती रोज रात्री पूर्ण भरतात, किलोमीटरच्या आकड्यावर त्यांच्या चालकाने कागदाची पट्टी चिकटवून टाकली आहे, आणि सकाळी निघताना तो डॅशबोर्डवर खडूने ओडोमीटरचा आकडा लिहितो. त्यात शंभर मिळवले की गाडी परत वळते.