चार खंडांची ब्रेव्हरी, एका घरगुती वापरकर्तीच्या नजरेतून

ब्रेव्हरी, म्हणजे दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणायच्या प्रार्थनांचं पुस्तक, हे फादर आणि सिस्टर लोकांचं काम, अशी आमच्या वसईत पक्की समजूत आहे. वांद्र्याच्या ज्या दुकानातून मी हा जुना संच उचलला, तिथल्या माणसानेही बिल करताना विचारलं, "कुठल्या फादरच्या नावाने करू?" माझ्याच नावाने कर म्हटलं, तर दोनदा वर बघितलं त्याने. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच उपासनेवरच्या दस्तऐवजात सांगून ठेवलंय की सामान्य भाविकांनीही ही प्रार्थना म्हणावी. साठ वर्षं होऊन गेली, पण ते आमच्या धर्मग्रामापर्यंत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांपर्यंत, काही पोचलेलं दिसत नाही.

तर वस्तू अशी: 'लिटर्जी ऑफ द अवर्स', अमेरिकी आवृत्ती, १९७५चं इंग्रजी भाषांतर, चार जाड खंड. पहिला आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) आणि नाताळकाळाचा, दुसरा प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) आणि पास्काकाळाचा (ईस्टर आणि त्यानंतरचे आठवडे), उरलेले दोन सामान्यकाळाचे, म्हणजे बाकीच्या वर्षाचे. सकाळची, दिवसाची, संध्याकाळची आणि झोपण्याआधीची प्रार्थना, शिवाय लांब वाचनांचा एक भाग. मुख्य माल म्हणजे बायबलमधली स्तोत्रं. पूर्वी दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवड्यात संपवायची असत. सहावे पोप पॉल यांनी १९७० मध्ये नव्या रचनेला मान्यता दिली, तेव्हापासून ती चार आठवड्यांत विभागली आहेत. नोकरी, स्वयंपाक आणि आजारी माणूस सांभाळणाऱ्या बाईलाही झेपेल इतपत.

आता वापराबद्दल. पहिले काही आठवडे वैताग येतो, हे आधीच सांगते. सकाळच्या एका प्रार्थनेसाठी पुस्तकात तीन-चार ठिकाणी उड्या माराव्या लागतात: स्तोत्रं एका विभागात, त्या दिवसाची खास प्रार्थना दुसरीकडे, संताचा सण असेल तर तिसरीकडे, आणि जखऱ्याचं गीत आणखी कुठे. त्यासाठी आत रंगीत फिती शिवलेल्या असतात. माझ्या संचात दोन फिती तुटलेल्या निघाल्या. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, जुनं ते जुनंच. शेवटी गजऱ्याच्या दुकानातून साटीनची बारीक रिबीन आणून कण्यात चिकटवली, ती मूळ फितीपेक्षा बरी टिकली आहे. रोजचे पान क्रमांक सांगणारी एक पातळ मार्गदर्शिका दरवर्षी निघते, ती मात्र न विसरता घ्या. लाल अक्षरांतल्या सूचना आणि काळ्या अक्षरांतली प्रार्थना यांतला फरक एकदा डोळ्यांत बसला की हात आपोआप पान शोधतो.

मी तीस-एक वर्षं मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळे अभ्यासक्रम कसा लावलाय हे मी आधी बघते. इथला अभ्यासक्रम तुम्हाला विचारून लावलेला नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा गुण तोच. रोजरी म्हणताना मी मनाला येईल तो हेतू ठेवते, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) मला हवी असते तेव्हा करते. इथे तसं नाही. मोठा सण नसेल तर दर शुक्रवारी सकाळी एकावन्नावं स्तोत्र येणारच, दाविदाचा पश्चात्ताप, मग त्या आठवड्यात तुम्ही स्वतःला कितीही सज्जन समजत असा. पास्काच्या रविवारपासून आठ दिवस सकाळी तीच ती स्तोत्रं, त्रेसष्टावं, दानिएलमधलं गीत, एकशे एकोणपन्नासावं. पहिल्या वर्षी मला वाटलं मार्गदर्शिकेत छपाईची चूक आहे. ती चूक नव्हती. ते आठही दिवस मिळून एकच दिवस धरतात.

सासूबाई गेल्या तेव्हा पास्काकाळ चालू होता. प्रत्येक ओळीमागे आलेलुया, देवाची स्तुती असो. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस जो शब्द उच्चारायचाच नाही, तो आता पानापानावर. घरात माणसं भेटायला येतायत, अंगणात खुर्च्या मांडलेल्या, आणि मी आत बसून आलेलुया म्हणतेय. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात शुक्रवारची झोपण्याआधीची प्रार्थना आली, अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र. बाकीच्या बहुतेक रडक्या स्तोत्रांना शेवटी का होईना आशेची एखादी ओळ असते. याला ती नाही. अंधार हाच सोबती, असं म्हणून ते थांबतं, त्यापुढे काही नाही. सणाचा काळ असो की उपासाचा, जवळजवळ दर शुक्रवारी रात्री ते असतंच. ज्यांनी ही मांडणी केली त्यांनी ते काढून टाकलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

काही स्तोत्रं मात्र काढलीत. ५८, ८३ आणि १०९ या संचात तुम्हाला सापडणार नाहीत, त्यांतल्या शापवाणीमुळे ती वगळली. १३७चा शेवटही कापलाय. मला हे पटलेलं नाही. भाऊबंदकीत जमिनीची केस लढलेल्या कुठल्याही घराला विचारा, १०९वं स्तोत्र कोणाला आणि का लागतं ते. ते मी आपलं मराठी बायबल काढून वाचते. त्याबाबत एक सोय सांगते: या अमेरिकी आवृत्तीतले स्तोत्रांचे क्रमांक आपल्या मराठी बायबलशी जुळतात. ब्रिटिश आवृत्तीत जुना ग्रीक-लॅटिन क्रमांक आधी आणि आपला कंसात, त्यामुळे बराचसा भाग एकाने मागे-पुढे होतो. दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

चारही खंडांत माझा लाडका पहिला. सगळ्यात पातळ आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा. १७ डिसेंबरपासून संध्याकाळच्या मारियेच्या गीताआधी रोज एक नवी हाक येते, तेवीस तारखेपर्यंत: हे ज्ञाना, हे प्रभो, हे इशायच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ल्या, हे उगवत्या सूर्या, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएला. यातली उगवत्या सूर्याची हाक २१ डिसेंबरला येते, वर्षातला सगळ्यात लहान दिवस असतो त्या सुमाराला. त्या आठवड्यात आमच्याकडे करंज्यांचं सारण, नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी आणलेलं गवत, पाहुण्यांची यादी, सगळं एकदम अंगावर आलेलं असतं. कोण येणार आहे ते विसरून किती जण येणार आहेत हे मोजण्यात दिवस जातो. संध्याकाळची ती दहा-बारा मिनिटं त्यातून बाहेर काढतात. मग परत सारण.

सामान्यकाळाबद्दल लोक फार बोलत नाहीत, पण वर्षाचा मोठा भाग तोच. तिसरा खंड दोनदा निघतो, नाताळकाळ संपल्यावर थोडे दिवस आणि मग पेन्टेकॉस्टनंतर, म्हणजे पास्काकाळाचा शेवटचा सण झाल्यावर. साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला चौथा हातात येतो, म्हणजे ऐन पावसात. इथे वसईकरांना इशारा: कागद अतिशय पातळ आहे आणि रेक्झिनसारखं कव्हर दमट हवेत चिकट होतं. एका पावसाळ्यात कपाटातल्या दुसऱ्या खंडाला बुरशी धरली. आता जे खंड वापरात नाहीत ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून धान्याच्या कोठीच्या खोलीत, कोरड्या जागी ठेवते.

खरी तक्रार वेगळीच आहे. हे पुस्तक अमेरिकेचं आहे आणि ते पानोपानी जाणवतं. त्यांच्या थँक्सगिव्हिंगची प्रार्थना आहे, त्यांच्या संत एलिझाबेथ सेटन आहेत. तिसऱ्या खंडात ६ फेब्रुवारी काढा: पॉल मिकी आणि सोबती यांचा स्मरणदिन. त्या सोबत्यांत आपला गोन्सालो गार्सिया आहे, वसईत जन्मलेला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर चढवलेला, १८६२ मध्ये संतपदाला पोचलेला. आमच्या गावात त्याच्या नावाने कॉलेज आहे आणि पुस्तकाच्या शीर्षकात त्याला जागा नाही. मी पेन्सिलीने नाव लिहून टाकलंय. आपल्याकडचे जोसेफ वाझ २०१५ला संत झाले, अल्फोन्सा २००८ला, मदर तेरेसा २०१६ला. सत्तरच्या दशकातल्या पुस्तकात ते असण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी शेवटच्या सामायिक विभागातल्या प्रार्थना वापराव्या लागतात. ८ सप्टेंबरचा मारियेचा जन्मदिन आहे, पण देवळात आपण भाताची नवी कणसं आशीर्वादाला नेतो त्याचा अर्थातच मागमूस नाही.

घ्यावा का? नवा संच बाहेरून मागवला तर रक्कम पाच आकड्यांत जाते, आणि अमेरिकेत नव्या भाषांतराचं काम चालू आहे, तेव्हा आत्ता नवा कोरा घेण्यात मला शहाणपणा दिसत नाही. जुना मिळाला तर घ्या. विरार लोकलमध्ये उभ्याने म्हणायची असेल तर आयब्रेव्हरी हे मोफत ॲप बरं, तिथे पानं शोधावी लागत नाहीत; माझी भाची तेच वापरते. मला मात्र फोन हातात घेतला की व्हॉट्सॲप दिसतं.

सुरुवात सकाळच्या प्रार्थनेने करू नका. झोपण्याआधीची छोटी प्रार्थना घ्या, तिचं चक्र आठवड्याचंच असल्यामुळे दोनेक महिन्यांत ती पाठ होते. आणि जुना संच बघायला गेलात तर आधी दुसरा खंड मागा. पवित्र आठवड्याच्या (ईस्टरआधीच्या शेवटच्या आठवड्याच्या) पानांशी तो उघडून शिवण तपासा, कारण आधीच्या मालकाने बाकी काही म्हटलं नसलं तरी तेवढं म्हटलेलं असतं आणि पानं तिथेच सुटतात.